‘झुंड’मधल्या पोट्ट्यांची शाळा कुठे गेली?

नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये थिएटरात पाहिला तेव्हा ती भिंतच डोक्यात राहिली. अलीकडे कॉलेजचं मैदान, पलीकडे झोपडपट्टी. परवा हिंगण्यात घरी बसून मोबाईलवर परत पाहिला, आणि दुसरंच काहीतरी खटकलं. जवळपास तीन तासांच्या या नागपुरी सिनेमात पोट्ट्यांनी जी शाळा सोडली, ती कुठेय?

सर आहेत. अमिताभ बच्चनचा विजय बोराडे हा हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यावरून घेतलेला. तो खेळायचे पैसे देतो, स्वतःच्या घरी बोलावतो, कॉलेजवाल्यांपुढे उभा राहतो. चांगला माणूस. पण आईबाप काय करतात? बहुतेक वेळा काठावर उभे राहून बघतात.

सिनेमातली सर्वात खरी जागा मात्र बोराडेच्या भाषणात नाही. पोट्टे त्याच्या घरी बसून एकेक करून आपली गोष्ट सांगतात आणि तो फक्त ऐकतो, ती आहे. दुसरी मोनिकाची. रिंकू राजगुरूची ही आदिवासी मुलगी आणि तिचा बाप पासपोर्टसाठी ओळखीचे कागद गोळा करत फिरतात. इथे कुणी सर सोबत नाहीत. टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय यावर सगळं अडतं, हे मंजुळेंना पक्कं माहीत आहे. म्हणूनच शाळेचं टेबल त्यांनी सोडून दिलं याची चुटपुट लागते.

कारण त्या टेबलावर आईबापाची खुर्ची कायद्यानं ठेवलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ काढून बघा. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण निम्म्या बाया हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. अनुदान कुठे खर्च झालं हे पाहायचा हक्क या समितीचा. शाळेचा विकास आराखडाही तिनंच करायचा.

आता ही समिती हिंगण्यासारख्या ठिकाणी आणून बसवा. एमआयडीसी लागून, घरातली कमाई पाळीवर किंवा रोजीवर. सभा भरदुपारी. गेलं तर रोजी बुडते, नाही गेलं तर रजिस्टर सहीला घरी येतं. मेट्रो २०२० मध्ये लोकमान्य नगरपर्यंत पोचली. सभेची वेळ संध्याकाळी सरकवायला तर रूळही लागत नाहीत. बोराडेशी भांडणाऱ्या कॉलेजवाल्यांपेक्षा हा खलनायक जास्त अवघड आहे. त्याला चेहराच नाही.

कुणी म्हणेल, अरे बाबा, सिनेमा फुटबॉलचा आहे. कबूल. बारसेंनी चेंडू दिला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हेही कबूल. पण बारसेंच्या खऱ्या कामात पुढे एक गोष्ट झाली. तिथे खेळलेले काही पोट्टे तिथेच प्रशिक्षक झाले, लहान पोरांना शिकवायला लागले. सिनेमा विमान भिंतीवरून उडवून संपतो. शॉट सुंदर आहे, टाळ्या घेतो. मला मात्र सरांच्या गळ्यातली शिट्टी त्याच वस्तीतल्या एखाद्या पोट्ट्याच्या, खरं तर एखाद्या पोट्टीच्या हातात गेलेली पाहायची होती.