मॅग्दा नाखमन : चित्रे कुठे गेली?

मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास आपण बहुधा १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपासून वाचतो. त्या गटाला आधार देणारे युरोपीय, म्हणजे वॉल्टर लँगहॅमर आणि रूडी फॉन लायडन, त्यात भेटतात. त्याच शहरात १९३६ पासून चित्रे काढणाऱ्या मॅग्दा नाखमन मात्र क्वचितच दिसतात. असे का, हा या टिपणाचा प्रश्न आहे.

त्यांचा जन्म १८८९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील ज्यू, आई जर्मन लुथरन. झ्वान्त्सेवा कलाशाळेत त्या लिऑन बाक्स्ट यांच्याकडे शिकल्या. मद्रासचे क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी मॉस्कोत विवाह करून त्या १९२२ मध्ये बर्लिनला गेल्या. नाझी सत्ता आल्यावर तेथून निघून त्या मुंबईत आल्या. येथे त्यांनी व्यक्तिचित्रे काढली, तशीच रोजच्या जीवनातील माणसांची चित्रेही काढली. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी, स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काही तास उरले असताना त्यांचे निधन झाले.

आता आमच्या तंजावरचे उदाहरण तुलनेला घेऊ. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात (१७९८–१८३२) येथील चित्रकार कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी निरनिराळ्या जाती आणि व्यवसायांच्या जोडप्यांचे संच काढत. त्यांत माणूस ओळखायचा तो वेशावरून आणि हातातल्या अवजारावरून. चेहरे पुष्कळदा एकाच साच्यातले असतात. नाखमन यांची रीत याच्या उलट आहे. १९१३ मध्ये त्यांनी कवयित्री मरीना त्स्वेतायेवाचे चित्र काढले. त्यात लेखणी किंवा पुस्तकाचा आधार नाही. सारा भार चेहऱ्यावर आहे.

पण कोणते चित्र टिकते, हे केवळ गुणवत्तेवर ठरत नाही. कंपनी शैलीचे संच वह्यांत बांधले गेले, लंडनच्या संग्रहालयांत पोहोचले आणि टिकले. बहुतेक चित्रकारांची नावे मात्र गेली. व्यक्तिचित्र ज्याचे असते त्याच्या घरी जाते. घर बदलते, वारस विखुरतात, देश सोडावा लागतो. नाखमन यांनी बर्लिनमध्ये काढलेले लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह यांचे चित्र असेच हरवले. येथे चित्रकार निर्वासित आणि गिऱ्हाइकांतलेही अनेक निर्वासित. शिवाय इतिहासकाराला गट, जाहीरनामे, चळवळी हाताशी लागतात. पोटासाठी एकेक माणूस रंगवणारी स्त्री त्या चौकटीत बसत नाही.

म्हणून ‘इतिहासात नाव नाही’ यावरून ‘काम दुय्यम’ असा निष्कर्ष काढू नये. अभियांत्रिकीत मापनाआधी नमुना कसा गोळा झाला ते तपासतात. कलेच्या इतिहासातही प्रथम विचारावे : ही चित्रे कोणी ठेवली, आणि जी ठेवली गेली नाहीत ती कोणाची होती?