पडद्यावरचा चेहरा आणि महापौरपद : जोआओ डोरिया यांच्या कारकिर्दीची नाट्यदृष्टीने समीक्षा

सारांश
दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झालेला उद्योजक शहराचा महापौर होतो, तेव्हा मतदार नेमके कशाला मत देतात, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे. ब्राझीलमधील साओ पावलो शहराचे माजी महापौर जोआओ डोरिया यांच्या कारकिर्दीचे परीक्षण येथे भारतीय नाट्यशास्त्रातील अभिनयविचाराच्या आधारे केले आहे. त्यातून निघणारे निष्कर्ष चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लोकसंस्थांच्या आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या अनुभवाशी ताडून पाहिले आहेत.

बीजसंज्ञा : महापौर, दूरचित्रवाणी, आहार्य अभिनय, सात्त्विक अभिनय, झाडीपट्टी, ग्रामसभा.

प्रस्तावना
राजकारण हे नाटक आहे, असे विधान सहजपणे केले जाते. बहुधा ते निंदेच्या सुरात केले जाते. वास्तविक नाटक ही गंभीर कला असून तिला स्वतःची शिस्त आणि स्वतःच्या कसोट्या आहेत. राजकीय वर्तनाला नाटक म्हणायचे असेल, तर ते नाटक म्हणून तरी चांगले आहे काय, हा प्रश्न विचारणे भाग पडते. तो प्रश्न विचारण्यास साओ पावलोचे उदाहरण उपयुक्त आहे. सुमारे एक कोटी वीस लाख लोकसंख्येच्या या शहराने २ ऑक्टोबर २०१६ रोजी दूरचित्रवाणीवरील परिचित चेहरा असलेल्या उद्योजकाला पहिल्याच फेरीत ५३ टक्क्यांहून अधिक मते देऊन महापौर केले. विद्यमान महापौर फर्नांदो हदाद यांचा या निवडणुकीत पराभव झाला. दोन फेऱ्यांची पद्धत सुरू झाल्यापासून या शहरात पहिल्या फेरीतच निकाल लागण्याची ही पहिली वेळ होती.

संहिता : निर्णयाचा देखावा
अमेरिकेत २००४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना घेऊन 'द अप्रेंटिस' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची ब्राझीलमधील आवृत्ती 'ओ अप्रेंदिझ' या नावाने गाजली. २०१० व २०११ मध्ये तिचे सूत्रसंचालन डोरिया यांनी केले. या कार्यक्रमाची संहिता साधी आहे. उमेदवारांना कामे दिली जातात, सायंकाळी ते एका मोठ्या मेजासमोर बसतात आणि मेजाच्या पलीकडे बसलेला धनिक त्यांपैकी एकाला कामावरून काढतो. कारभार म्हणजे तत्काळ निर्णय आणि निर्णय म्हणजे कुणाला तरी बाहेर काढणे, असे समीकरण प्रेक्षकांच्या मनात त्यातून रुजते.

या संहितेत काय नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. तीत अंदाजपत्रक नाही, विरोधी पक्ष नाही, न्यायालय नाही आणि काढून टाकलेल्या माणसाचे पुढे काय झाले याची विचारपूस नाही. शहरातून मात्र कुणालाही असे काढून टाकता येत नाही. झोपडपट्टीतला रहिवासी, व्यसनाधीन तरुण, भिंतीवर चित्रे काढणारा मुलगा हे सारे त्या शहराचे नागरिकच असतात. महापौराच्या मेजासमोरून उठून जाण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. संहितेतील ही उणीव पुढे डोरिया यांच्या कारभारातही दिसून आली.

आहार्य आणि आंगिक : गणवेश व झाडू
भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि बाह्य साधने यांच्याद्वारे होणारा अभिनय. महापौर झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारी २०१७ रोजी, डोरिया सफाई कामगाराचा गणवेश घालून हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांचे सहकारीही त्याच वेशात होते. 'सुंदर शहर' या मोहिमेचा हा प्रारंभ होता. छायाचित्रे व चित्रफिती तत्काळ सर्वत्र पोहोचल्या.

मराठी वाचकाला झाडू हातात घेतलेला लोकनेता नवा नाही. संत गाडगेबाबांचा खराटा हा महाराष्ट्राच्या सामूहिक स्मृतीचा भाग आहे. दिवसा गाव झाडणे आणि रात्री त्याच गावात कीर्तनातून लोकांची मने झाडणे, हा त्यांचा क्रम १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत अखंड चालला. त्यांच्या हातातील खराटा हे आहार्य नव्हते, ते कामाचे अवजार होते. अंगावरच्या चिंध्यांबाबतही तेच म्हणता येईल. तो वेश कार्यक्रम संपल्यावर उतरवून ठेवण्यासाठी चढवलेला नव्हता. दोन्ही प्रसंगांतील बाह्य कृती एकच आहे. भेद आहे तो पुनरावृत्तीचा. एकदा केलेली कृती प्रतीक ठरते, तर रोज केलेली कृती काम ठरते.

प्रतीकांना सार्वजनिक जीवनात स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. उच्चपदस्थाने झाडू हातात घेतल्याने त्या श्रमाला काही काळ प्रतिष्ठा मिळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या प्रतिष्ठेचे रूपांतर सफाई कामगाराच्या वेतनात, सुरक्षिततेत वा सन्मानात झाले काय, याच्या उत्तरावरच प्रतीकाचे मोल ठरते.

त्याच महिन्यात शहरातील '२३ मे' या महामार्गावरील भित्तिचित्रे राखाडी रंगाने पुसून टाकण्यात आली. यावर कलावंतांनी निषेध नोंदवला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पडद्यावर स्वच्छ दिसणारी राखाडी भिंत रहिवाशांना मात्र स्वतःचा आवाज पुसल्यासारखी वाटली. मे २०१७ मध्ये मादक द्रव्यांच्या विळख्यात सापडलेल्या वस्तीवर कारवाई झाली. तेथे आत माणसे असतानाच एका इमारतीचे पाडकाम झाले व तीन जण जखमी झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुदत संपत आलेल्या खाद्यपदार्थांपासून तयार केलेला 'फारिनाता' नावाचा दाणेदार पदार्थ गरिबांना देण्याची कल्पना पुढे आली. तीव्र टीकेनंतर शालेय आहारातून तो देण्याचा विचार सोडावा लागला. या तिन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आढळते. दृश्य आधी ठरले आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम व्हायचा होता, त्यांच्याशी बोलणे राहून गेले.

वाचिक : 'राजकारणी नसल्या'चा दावा
डोरिया यांच्या प्रचाराचा गाभा वाचिक स्वरूपाचा होता. आपण राजकारणी नसून व्यवस्थापक आहोत, हे ते वारंवार सांगत. वस्तुस्थिती तितकी सरळ नव्हती. त्यांचे वडील संसद सदस्य होते आणि १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांचे पद गेले होते. स्वतः डोरिया यांनी १९८० च्या दशकात साओ पावलोच्या पर्यटन विभागाची व नंतर देशाच्या पर्यटन संस्थेची धुरा सांभाळली होती. उद्योगपतींना आणि सत्ताधाऱ्यांना एकत्र आणणारी 'लिदे' ही संघटना त्यांनी २००३ मध्ये स्थापन केली होती. म्हणजे सत्तेच्या परिघाशी त्यांचा परिचय जुना होता. दूरचित्रवाणीने तो परिचय झाकला आणि 'बाहेरून आलेला कर्तबगार माणूस' ही प्रतिमा पुढे केली. मराठीत 'भूमिका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नटाची भूमिका आणि विचारवंताची भूमिका. डोरिया यांच्या बाबतीत पहिल्या अर्थाने दुसऱ्या अर्थाची जागा घेतली.

सात्त्विक : काळाची कसोटी
सात्त्विक अभिनयाचे मूळ नाट्यशास्त्राने मनाच्या एकाग्रतेत पाहिले आहे. तो उसना आणता येत नाही. सार्वजनिक पदाच्या संदर्भात या एकाग्रतेचे दृश्य रूप म्हणजे दिलेला काळ. शहराचे सांडपाणी, आरोग्य, शाळा यांचे प्रश्न एका चित्रफितीत मावत नाहीत. त्यांच्यासोबत राहावे लागते. पूर्ण मुदत महापौरपदावर राहू, असे डोरिया यांनी प्रचारात वारंवार सांगितले होते. प्रत्यक्षात राज्यपालपदाची निवडणूक लढविण्यासाठी एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे अवघ्या पंधरा महिन्यांत, त्यांनी पद सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते राज्यात अल्प फरकाने विजयी झाले. खुद्द साओ पावलो शहरात मात्र मतदारांनी त्यांचे प्रतिस्पर्धी मार्सिओ फ्रांसा यांना अधिक मते दिली. ज्यांनी त्यांना सर्वांत जवळून पाहिले होते, त्यांचा हा अभिप्राय होता. कोणत्याही समीक्षेपेक्षा तो अधिक बोलका आहे.

न्यायदृष्टीने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. राज्यपाल या नात्याने डोरिया यांनी कोरोना साथीच्या काळात लसीकरणाचा ठामपणे पाठपुरावा केला. ब्राझीलमधील पहिली लस १७ जानेवारी २०२१ रोजी साओ पावलोमध्येच दिली गेली. तो क्षणही छायाचित्रणास अनुकूल होता. परंतु त्या दृश्यामागे १९०१ मध्ये स्थापन झालेल्या बुतांतान या संशोधन संस्थेचे शतकाहून अधिक काळाचे काम उभे होते. दृश्यामागे संस्था असली की दृश्य टिकते, असा याचा अर्थ लावता येतो.

महाराष्ट्राचा संदर्भ
महाराष्ट्रातही दूरचित्रवाणीचा चेहरा राजकारणात आला आहे. २००४ पासून 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाद्वारे घरोघरी पोहोचलेले आदेश बांदेकर २००९ मध्ये माहीम मतदारसंघातून विधानसभेसाठी उभे राहिले व पराभूत झाले. ऐतिहासिक मालिकांतील भूमिकांमुळे लोकप्रिय झालेले डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. या दोन उदाहरणांवरून कोणताही नियम काढता येत नाही. लोकप्रियता उमेदवाराला दारापर्यंत नेते, आत घेणे न घेणे मतदार ठरवितात, एवढेच म्हणता येते.

महापौरपदाबाबत मात्र दोन्ही व्यवस्थांत मूलभूत फरक आहे. साओ पावलोचा महापौर थेट निवडला जातो व कार्यकारी सत्ता त्याच्या हाती असते. महाराष्ट्रात महापौराची निवड नगरसेवक अडीच वर्षांसाठी करतात आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या चंद्रपूर महानगरपालिकेत ६६ नगरसेवक आहेत. २०१२ ते २०२२ या काळात संगीता अमृतकर, राखी कंचर्लावार व अंजली घोटेकर या महिलांनी तेथील महापौरपद भूषविले. पडद्यावरील प्रसिद्धीची अट असती, तर नगरसेवकपदापासून पुढे आलेल्या कार्यकर्त्यांना हे दार उघडले असते काय, याचा विचार व्हावा.

तथापि, अप्रत्यक्ष निवड हा संपूर्ण उपाय नव्हे. थेट निवडीत एका चेहऱ्याची लाट येऊ शकते, तर अप्रत्यक्ष निवडीत महापौराकडे प्रश्न विचारावा आणि अधिकार मात्र अन्यत्र असावेत, अशी स्थिती निर्माण होते. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळपास पावणेचार वर्षे, चंद्रपूरचा कारभार प्रशासकाकडे होता. नाट्यपरिभाषेत सांगायचे, तर एका ठिकाणी नट संहितेला गिळून टाकतो आणि दुसऱ्या ठिकाणी रंगमंच नटाविना रिकामा राहतो.

चंद्रपूरच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी आणि इरई-झरपट नद्यांची अवस्था यांनी या शहराचे आरोग्य घडविले अथवा बिघडविले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या अग्रभागी होते. हवेतील धूळ राखाडी रंगाने झाकता येत नाही.

झाडीपट्टी आणि मेंढा : दोन स्थानिक कसोट्या
नट आणि व्यावसायिक एकाच व्यक्तीत असणे या परिसराला अपरिचित नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत पसरलेली झाडीपट्टी रंगभूमी ही व्यावसायिक रंगभूमी आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत आणि मंडळाचा चालक स्वतः रंगमंचावर उभा राहतो, असे अनेकदा घडते. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात गावचे मंडळ नाटक ठरविते, तिकिटे विकते आणि प्रयोग रात्रभर चालतो. येथेही प्रसिद्धी आहे, पैसा आहे, जाहिरात आहे. परंतु प्रेक्षक पहाटेपर्यंत समोर बसलेला असतो. नटाला छायाचित्रणाच्या चौकटीत लपता येत नाही. प्रयोग फसला, तर पुढच्या वर्षी त्या गावाची तारीख मिळेलच असे नाही. म्हणजे व्यवसाय असूनही येथे उत्तरदायित्व आहे. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक नटाला ओळखतो, पण नट त्याला ओळखत नाही. झाडीपट्टीत ही ओळख दुहेरी असते.

दुसरी कसोटी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तेथील घोषणा सर्वपरिचित आहे. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. देवाजी तोफा यांचे नाव देशभर पोहोचले, तरी निर्णय त्यांच्या नावाने होत नाहीत, सर्वसहमतीने ग्रामसभेत होतात. चेहरा आहे, पण तो संस्थेची जागा घेत नाही. एका गावाची पद्धत महानगराला जशीच्या तशी लागू होणार नाही, हे उघड आहे. तरी निर्णयापूर्वी संबंधितांशी बोलणे, हे तिचे तत्त्व मात्र भित्तिचित्रे पुसण्यापूर्वी साओ पावलोलाही उपयोगी पडले असते.

निष्कर्ष
डोरिया यांच्या महापौरपदाचा दोष ते दूरचित्रवाणीवरून आले किंवा उद्योजक होते, हा नव्हे. आहार्य व वाचिक अंगांनी समृद्ध असलेल्या त्या प्रयोगात सात्त्विक अंग उणे राहिले, हा आहे. प्रसिद्धी म्हणजे परिचय नव्हे आणि तत्परता म्हणजे निष्ठा नव्हे. महापौराला थेट निवडावे की नगरसेवकांकरवी, या चर्चेत चेहरा कुणाचा हा प्रश्न नेहमी पुढे असतो. त्यापेक्षा तो चेहरा प्रयोग संपेपर्यंत रंगमंचावर राहील काय आणि पुढच्या हंगामात त्याच गावाला तोंड दाखवू शकेल काय, हे विचारणे अधिक हिताचे आहे. झाडीपट्टीचा प्रेक्षक हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या विचारत आला आहे. मतदार म्हणून त्याने तो विचारणे थांबवू नये.