स्वस्त पापांच्या कादंबऱ्या

वैशाखात कुलदेवतेच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाच्या सामानात ओटीचे साहित्य, वाटेचा फराळ आणि या सर्वांच्या तळाशी, बहुधा वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेली, एखादी कादंबरी असे. दुपारचा महाप्रसाद आटोपून मंडळी अग्रशाळेत लवंडली, की ती हळूच बाहेर निघे. मुखपृष्ठावरील युवती पाहून वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात आणि सायंकाळी कोणी पाहत नाही असे पाहून स्वतःच ती उघडावी, हा प्रकार अनेक घरांच्या परिचयाचा आहे. अशा कादंबरीविषयी आपण आजवर एकच प्रश्न विचारीत आलो : ही अश्लील आहे काय? माझ्या मते विचारावयाचा प्रश्न तो नव्हे.

या संदर्भात चंद्रकांत काकोडकर यांचे उदाहरण बोलके आहे. ज्यांच्या आडनावातच गोमंतकातील काकोडा गाव आहे, असे हे एके काळचे अत्यंत लोकप्रिय लेखक. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली तिच्यावर खटला झाला. कनिष्ठ न्यायालयाने लेखकास निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. प्रेमाचा व कामभावनेचा नुसता उल्लेख अश्लील मानल्यास केवळ धार्मिक ग्रंथच विकता येतील, असा त्या निकालाचा आशय होता. तथापि त्याच निकालात आणखी एक अभिप्राय आहे : कथा फारशा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, तीत लेखकाची अपरिपक्वताही दिसत असेल, पण तो गुन्हा नव्हे. निकालाचा पूर्वार्ध वाचकांनी लक्षात ठेवला. उत्तरार्ध मात्र टीकाकारांसाठी होता, आणि तो आपण विसरलो.

अशा पुस्तकांचा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. वर्षभर संसाराचा गाडा ओढणाऱ्या मनुष्यास दोन दुपारी दुसऱ्या कोणाच्या भानगडीत रमावेसे वाटले, तर त्यात गैर काय? झपाट्याने पुढे सरकणारे कथानक आणि प्रकरणाच्या अखेरीस वाचकाला टांगून ठेवण्याची हातोटी ही कसबाचीच कामे आहेत. काकोडकरांना तर घराचीही नाडी ठाऊक होती. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून १९६९ साली ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यातील कुटुंबाचा भार वाहणारा थोरला भाऊ आणि श्रीमंत सासुरवाडीच्या मोहाने वेगळा होणारा धाकटा, हे आपल्या माजघरातील खरेखुरे दुःख आहे.

मग उणीव कोठे आहे? या जातीच्या पुष्कळ कथांत पापाला किंमतच पडत नाही, येथे. नायकाच्या आयुष्यात एक स्त्री येते, मग दुसरी येते; पहिली केव्हा नाहीशी झाली याची लेखकाला आठवण नसते आणि वाचकाला चौकशी करण्यास सवड नसते. पुढे तिला कोणी घरात घेतले काय? तिच्या लेकराला कोणाचे नाव लागले? देवळाच्या सेवेस वाहिलेल्या स्त्रियांच्या कित्येक पिढ्या गोमंतकाने पाहिल्या आहेत; त्यांच्या घरी हे प्रश्न कथेतले नव्हते. मुखपृष्ठावरील पदर ढळला म्हणून आठ्या घालणाऱ्या आपल्या समाजाने तरी ते कितीदा विचारले?

याउलट, त्याच देवळाच्या सभामंडपात आपण कीर्तनातून ययातीचे आख्यान ऐकतो. पत्नीशी प्रतारणा करून तिच्याच दासीशी गुप्त संबंध ठेवणारा राजा, याहून अधिक भानगडीचे कथानक कोणत्या कादंबरीत सापडेल? पण तेथे राजाला अकाली जरा येते, मुलाकडे तारुण्याची याचना करावी लागते आणि एवढे करूनही वासना शमत नाही ती नाहीच. वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’त शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. त्या कादंबरीला १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. एरवी विस्मृतीत गेली असती अशी स्त्री तेथे स्वतःची कैफियत मांडते. शृंगार तेथेही आहे. फक्त त्याचा हिशेब पुरा केलेला आहे.

म्हणून सुटीतील कादंबरी लपवू नये आणि जाळूही नये. ती उघड्यावर वाचावी, हसावे, रमावे. आणि शेवटचे पान उलटल्यावर, मागे राहिलेल्या त्या स्त्रीचे पुढे काय झाले, एवढे लेखकाला मनातल्या मनात विचारावे. उत्तर मिळाले तर ते पुस्तक जपून ठेवावे. न मिळाले तर परतीच्या प्रवासात शेजारच्या उतारूला देऊन टाकावे. त्याचीही दुपार बरी जाईल.