खुंट्यावरचे दोन हात

मुदखेड जंक्शनवरून एक फाटा आदिलाबादला जातो, दुसरा निजामाबादवरून सिकंदराबादला. या दुसऱ्या फाट्यावरच्या गाडीनं कामधंद्यासाठी हैदराबाद गाठलेली घरं आमच्या भागात पुष्कळ. जाताना जातं कुणी उचललं नाही, ओवी मात्र बायकांच्या गळ्यातून गेली. नाहीतरी ओवी मुळातच घर सोडून आलेल्या बाईची. नांदायला आलेली पोर पहाटे ज्वारीचा घास घालते आणि बयेला, बंधवाला आठवते. मुलगा तिचा राघू, लेक मैना. पंढरीचा विठ्ठलसुद्धा माहेरचाच.

छापलेली ओवी वाचून तिची निम्मीच गोडी कळते. कागदावर दोन ओळी असतात, पण गाताना ओळ मध्येच तुटते, 'गं बाई' येतं, तुटलेला तुकडा पुन्हा उचलला जातो. सूर मोजकेच. खाली दगडाची घरघर, तोच तंबोरा. एकीचा दम संपत आला की समोरची ओळ झेलते. ती दुसऱ्या घरची लेक असेल, दुःख तिचंही तेच. खुंट्यावर दोघींचे हात असतात, म्हणून गाणं कुणा एकीचं राहत नाही.

आयर्लंडच्या कॉनमारा भागात आयरिश भाषेतलं 'शान-नोस' गाणं असंच बिनसाथीचं. तिथं कधीकधी शेजारचा ऐकणारा गायकाचा हात हातात घेतो आणि गाण्याबरोबर गोल फिरवत राहतो. हे कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जातंच आलं. तिथल्याच कार्ना गावचा गायक जो हीनी ही गाणी घेऊन ग्लासगो, लंडन, न्यूयॉर्क फिरला. न्यूयॉर्कमध्ये त्यानं दरवानाची नोकरी केली. १९८४ साली तो सिएटलला वारला.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या लाखावर ओव्या जमवल्या. 'परी' संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक प्रत्यक्ष आवाजात ऐकता येतात. हे काम अनमोल आहे. तरी हैदराबादच्या फ्लॅटमध्ये लग्नाची हळद दळायला जातं मांडतात, तेव्हा गाणारी एखादीच म्हातारी उरलेली असते आणि बाकीच्या फोटोपुरता खुंट्याला हात लावून उठतात. झेलणारं कुणी नसलं की तिची ओवी दुसऱ्या ओळीवरच थांबते.

तुमच्या घरच्या हळदीला तिच्या समोर बसा. शब्द येत नसले तरी चालेल, दळण सरेपर्यंत खुंटा सोडू नका.