दुधावरची साय आणि 'श्वास'

आजा आणि नातू यांच्या नात्याविषयीं आपल्या समाजाचें मत एका म्हणींत सांठविलेलें आहे : दुधापेक्षां दुधावरची साय अधिक गोड. शिस्त बापानें लावावी आणि लाड आजोबांनीं करावे, अशी ही सोयीची वांटणी होय. आपल्या कथा-कादंबऱ्यांतील बहुतेक आजोबा या वांटणीबाहेर पाऊल टाकीत नाहींत. ते गोष्टी सांगतात, खाऊ देतात, आणि कथानकास गरज भासली कीं निमूटपणें डोळे मिटतात.

संदीप सावंत यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'श्वास' (2004) या बोलपटांतील आजोबा या जातीचे नाहींत. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या कृतीस राष्ट्रपतींचें सुवर्णकमळ मिळालें. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनीं मराठीस लाभलेला हा मान. पण तिची खरी थोरवी पारितोषिकांत नाहीं. कोंकणांतील एक म्हातारा आपल्या नातवाला, परश्याला, डोळे दाखविण्यासाठीं शहरांत आणतो. दृष्टिपटलाचा कर्करोग निघतो. जीव वांचवावयाचा तर दोन्ही डोळे गमवावे लागणार. हें त्या पोराला कोणी सांगावें, आणि कसें?

कथेची चतुराई अशी कीं, मधली पिढी येथें जवळजवळ पडद्याआडच राहते. त्यामुळें लाड करून मोकळें होण्याची आजोबांची नेहमींची सवलत नाहींशी होते. निर्णय त्यांनींच घ्यावयाचा, आणि नातवाच्या नजरेला नजरही त्यांनींच द्यावयाची. अरुण नलावडे यांनीं हा म्हातारा मोठ्या संयमानें उभा केला आहे. दुःखापेक्षां त्याचा गोंधळ अधिक दिसतो, आणि म्हणूनच तें दुःख खरें वाटतें. अश्विन चितळे याचा परश्या हट्टी व चिडका आहे. केवळ कींव यावी म्हणून घडविलेलें तें बाळ नव्हे.

शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयांतून नाहींसे होतात. डोळे आहेत तोंवर जग दाखवून घ्यावें, एवढाच त्यांचा हेतु. मागें रुग्णालयांत जी धांवपळ उडते ती वाजवीपेक्षां लांबली आहे, हें दोषस्थळ आम्हांस अजूनही मान्य आहे. परंतु त्या दिवसालाच आम्हीं वर्गांत अनेकदां भावविवशतेचा दोष दिला होता. त्या मताचा आतां पुनर्विचार करणें प्राप्त आहे.

गेवराईच्या परिसरांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या जोड्या मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, त्या उन्हाळ्यांत परततात. कांहीं मुलें त्यांच्यासोबत फडावर जातात, कांहीं हंगामी वसतिगृहांत राहतात, आणि कांहीं आजी-आजोबांपाशीं मागें उरतात. मधली पिढी येथें कथेच्या सोयीसाठीं नव्हे, तर पोटासाठीं दूर असते.

एकदां हा बोलपट पाहून झाल्यावर वर्गांत अनेकांचे डोळे ओले होते. ऊसतोडीच्या घरांतील एक विद्यार्थी मात्र शांत होता. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, आमचा आबा बी असंच करायचा. ताप आला की आबाच दवाखान्यात न्यायचा, कागदावर अंगठा बी आबाच द्यायचा. अन् येताना बाजार दाखवून आणायचा. त्यात रडायचं काय?"

तीस वर्षें साहित्य शिकविणाऱ्यास त्या प्रश्नानें निरुत्तर केलें. आम्ही ज्यास भावविवशता म्हणत होतों, तें त्या मुलाच्या मतें आजोबांचें रोजचें काम होतें. दवाखाना आणि बाजार हे त्याला एकाच फेरीचे दोन भाग वाटत होते. अंगठा देऊन थांबणारा माणूस पालक खरा. अंगठा दिल्यावर बाजार दाखविणारा तो आबा. 'श्वास'मधील तो एक दिवस या दुसऱ्या अर्ध्या कामाचा आहे, आणि तो वगळला असता तर उरली असती ती केवळ एका रुग्णाची हकीकत. म्हणून तो दोष आम्ही येथें मागें घेतों.

शेवटीं होडींतून परश्या घरीं परततो. त्याला आतां कांहीं दिसत नाहीं, पण गांव त्याच्या ओळखीचा आहे. त्या म्हणींतली साय खरोखरीच गोड असेल. मात्र ज्या घरीं दूधही म्हाताऱ्यानेंच तापवावयाचें असतें, तेथें तिची चव विचारण्यास कोणास सवड नसते. अशा घरांतील आजोबा आपल्या कथावाङ्मयांत अजून फार थोडे आले आहेत. गेवराईच्या त्या विद्यार्थ्यानें आपला आबा लिहून काढावा, अशी आमची इच्छा आहे. आम्हीं तसें त्यास सांगितलेंही आहे.