यंत्राज्ञेच्या भाषेतील एक उणीव
मापनयंत्रांना आज्ञा देण्यासाठी १९९० साली ‘स्किपी’ ही प्रमाणभाषा सिद्ध झाली. तीत आज्ञा व प्रश्न हे दोनच वाक्यप्रकार आहेत. निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांना एकच शब्दावली कळावी, हा तिचा गुण निर्विवाद होय. परंतु वाहिन्यांची यादी दिल्याने ‘कोणत्या’ एवढेच सांगितले जाते. ‘एकाच क्षणी की क्रमाने’ हे यंत्राच्या रचनेवर राहते. खोडद येथील महादुर्बिणीत ३० अँटेनांकडून आलेले तरंग परस्परांच्या किती मागेपुढे आहेत, हेच पाहावयाचे असते. तेथे क्रमाने घेतलेली मापे एकेकटी अचूक असूनही तुलनेस निरुपयोगी ठरतील. अशुद्ध आज्ञेवर यंत्र दोष नोंदविते. अपुऱ्या आज्ञेवर मात्र निमूटपणे आकडे देते. म्हणून समकालिकतेची आज्ञा स्वतंत्रपणे लिहिली पाहिजे.