इमादशाहीचा उदय आणि बावन्न हक्कांची कथा

वऱ्हाडच्या इमादशाहीचा उदय आपल्या इतिहासग्रंथांतून बहुधा एकाच रीतीने सांगितला जातो. विजयनगरच्या मुलुखातला एक कानडी हिंदू मुलगा (तो ब्राह्मण होता असेही सांगतात) बहमनी फौजेच्या कैदेत सापडतो, मुसलमान होतो, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढतो आणि १४९० साली फत्तेउल्ला इमादउल्मुल्क म्हणून एलिचपुरास स्वतंत्र गादी मांडतो. माझी तक्रार ही कथा खोटी असल्याबद्दल नाही. ती फक्त गादीपाशी थांबते, गावात शिरत नाही, ही माझी तक्रार आहे.

बिदरचा वजीर महमूद गावान याने सुभेदार शिरजोर होऊ नयेत म्हणून चार सुभ्यांचे आठ केले. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे झाले. वाशीमचा मुलूख या दोन ठाण्यांच्या मधला. १४८१ मध्ये गावानचाच खून पडला, बिदरचा धाक गेला आणि ज्याच्या हाती जो किल्ला तो त्याचा झाला. फत्तेउल्लाने १४८८ साली गाविलगडाची डागडुजी केली, ती याच हिशेबाने.

परंतु सुलतान बदलला म्हणून देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी ही वतनांची साखळी तुटली नाही. याचा पुरावा खुद्द फरिश्ताच देतो. शेजारच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्णी घराण्यात. पाथरी तेव्हा इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने ती १५१८ साली लढून घेतली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना तेथे इनाम करून दिले. धर्म बदलला, पिढ्या लोटल्या, पण भाऊबंदकी आणि वतन सुटले नाही! वाशीमलाच सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट ब्राह्मणांना गाव दिल्याचा आहे. मध्ये हजाराहून अधिक वर्षे गेली. देणाऱ्याचा धर्म वेगळा, घेणारा वर्ण तोच.

आता याच बिदरची दुसरी कथा पाहा. ती कुठल्या तवारिखेत नाही, महारवाड्याच्या तोंडी आहे. बादशहाची बेगम शत्रूने पळवली. अमृतनाक महार तिला सोडवून आणतो. आपल्यावर संशय येणार हे ओळखून त्याने जाण्यापूर्वीच स्वतःचे पुरुषत्व कापून पेटीत बंद करून बादशहाच्या हवाली केलेले असते. बक्षीस म्हणून तो आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागतो.

काय हक्क? मेलेल्या ढोराचे कातडे, मढ्यावरचे कापड, खळ्यावरचे बलुते. बिदरच्या दरबारात कैदी म्हणून आलेल्या एका मुलाला वऱ्हाडचे राज्य मिळते. आपला देह कापून देणाऱ्याला मढ्यावरचे कापड मिळते. या दोन कथा आजवर शेजारी ठेवून कोणी वाचल्या नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण आमच्या अभ्यासक्रमांत त्या शेजारी नाहीत एवढे खरे.

कार्यकर्त्यांत या कथेबद्दल दोन मते आढळतात. काहींना अमृतनाक हा पराक्रमाचा वारसा वाटतो. काहींना ती गुलामीला दिलेली सोनेरी झिलई वाटते, म्हणून ते ती विसरा म्हणतात. मला पहिले मत भाबडे वाटते आणि दुसरे घाईचे. ही कथा इतिहास म्हणून टिकणार नाही. तिला ना साल, ना शिक्क्याची सनद. पण वाङ्मय म्हणून ती भयंकर बोलकी आहे. वाकाटकांना ब्राह्मणांसाठी तांबे मिळाले, सुलतानांना कागद मिळाला. महाराला आपली सनद जिभेवरच लिहावी लागली. भीक म्हणून पदरात पडणारे ते ‘हक्क’ म्हणून मागायचे, तर कोणीतरी रक्त सांडलेले असलेच पाहिजे, ही त्या कथेची गरज आहे. आणि त्या गरजेतच तिची मर्यादा आहे. अमृतनाक कापडाऐवजी जमीन का मागत नाही? कथाकाराच्या कल्पनेलाही गावगाड्याने वेस घातली होती.

इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीने गिळली, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले, ‘आईने अकबरी’त बासीम ही सरकार म्हणून नोंदली गेली. बावन्न हक्कांची नोंद मात्र रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या भागांतल्या म्हाताऱ्यांकडेच शोधावी लागेल. प्रत्येक गावी यादी निराळी असणार, क्रमही निराळा. कोणता हक्क प्रथम मोजत आणि कोणता सांगताना आवाज खाली येई, हेसुद्धा विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे.